स्कॉट वायलंड आणि दोन दौऱ्यांमधली सुटी

मध्यसप्तक (धागाकर्ता)

'कोअर' हा स्टोन टेम्पल पायलट्स या अमेरिकी रॉक बँडचा पहिला अल्बम माझ्याकडे १९९४ साली कॅसेटच्या रूपात आला. आतल्या कागदावर गाण्यांचे शब्द नव्हते, म्हणून मी आणि माझा चुलतभाऊ ते ऐकून वहीत उतरवत असू, आणि दुसऱ्या बाजूच्या 'प्लश'मधल्या एका ओळीवरून आमचे सलग दोन दिवस भांडण चालले होते. पुढे खरे शब्द हाती आले तेव्हा दोघेही चुकलेले निघाले. ज्याच्या आवाजासाठी आम्ही भांडत होतो त्या स्कॉट वायलंडचे ३ डिसेंबर २०१५ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी, दौऱ्याच्या बसमध्ये निधन झाले. त्या दिवशी वाचलेल्या बहुतेक मजकुराचा सूर 'हे व्हायचेच होते' असा होता. तो सूर मला तेव्हाही खटकला होता आणि आजही खटकतो, कारण 'व्हायचेच होते' असे म्हटले की मधल्या वीस वर्षांत कोणी काय केले, हे विचारण्याची गरज उरत नाही.

आधी थोडा क्रम सांगतो. वायलंडचा जन्म २७ ऑक्टोबर १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे झाला. जन्माचे आडनाव क्लाइन. आईच्या दुसऱ्या पतीने दत्तक घेतल्यावर ते वायलंड झाले. बालपणीचा बराच काळ ओहायोत गेला आणि किशोरवयात तो पुन्हा कॅलिफोर्नियात आला. बासवादक रॉबर्ट डीलिओ, त्याचा गिटारवादक भाऊ डीन आणि ड्रमवादक एरिक क्रेट्झ यांच्याबरोबर त्याने जो बँड उभा केला त्याचे नाव सुरुवातीला 'मायटी जो यंग' होते. त्याच नावाने एक ब्लूज गायक आधीपासून गात असल्यामुळे ते बदलावे लागले. अटलांटिक कंपनीने सप्टेंबर १९९२ मध्ये 'कोअर' काढला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या ऐंशी लाखांवर प्रती गेल्या. 'प्लश'ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आलेला 'पर्पल' हा दुसरा अल्बम थेट बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर उतरला.

वायलंडने स्वतः सांगितल्याप्रमाणे हेरॉइनशी त्याची गाठ १९९३ च्या दौऱ्यात पडली. म्हणजे यश आधी आले आणि गर्द नंतर. 'पर्पल'मधले 'इंटरस्टेट लव्ह साँग' हे बँडचे बहुधा सर्वांत लाडके गाणे असेल. तेव्हाच्या प्रेयसीला, म्हणजे पुढे पहिली पत्नी झालेल्या स्त्रीला, आपण दूरवरून फोनवर 'मी काही घेत नाही' असे खोटे सांगत होतो आणि ते गाणे त्या खोटेपणाचे आहे, असे त्याने नंतर उघडपणे लिहिले. हे कळल्यापासून ते गाणे मला वेगळेच ऐकू येते. चाल उन्हातल्या मोकळ्या रस्त्यासारखी आहे आणि गाणारा माणूस आपल्याविरुद्ध साक्ष देतो आहे.

मे १९९५ मध्ये पॅसाडेना येथे हेरॉइन आणि कोकेन बाळगल्याबद्दल त्याला अटक झाली. मार्च १९९६ मध्ये तिसरा अल्बम आला, पण गायक उपचारकेंद्रात असल्यामुळे दौरा रद्द करावा लागला. १९९८ मध्ये त्याचा एकट्याचा अल्बम आला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा अटक झाली. १९९९ मध्ये सशर्त सुटकेच्या अटी मोडल्यामुळे न्यायालयाने त्याला एका वर्षाची शिक्षा ठोठावली. त्या ऑक्टोबरमध्ये 'नंबर फोर' हा बँडचा चौथा अल्बम बाजारात आला तेव्हा त्याचा गायक लॉस एंजेलिस काउंटीच्या तुरुंगात होता. काही महिन्यांनी तो सुटला, त्यातले 'सावर गर्ल' हे गाणे गाजले, आणि बँड पुन्हा रस्त्याला लागला.

या सगळ्यात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अटक, उपचार, अल्बम, दौरा, पुन्हा घसरण, पुन्हा न्यायालय अशा त्या साखळीत उपचाराची जागा नेहमी दोन दौऱ्यांच्या मधली आहे. गाडी बिघडली की गॅरेजात टाकावी, चालू झाली की लगेच घाटात घालावी, तसे ते चालले होते. २००३ मध्ये स्लॅश, डफ मॅकॅगन आणि मॅट सोरम या गन्स एन रोझेस बँडच्या जुन्या मंडळींनी 'व्हेल्व्हेट रिव्हॉल्व्हर' हा नवा बँड काढला आणि वायलंडला गायक म्हणून घेतले. तेव्हाही तो न्यायालयाच्या आदेशाने उपचार घेत होता आणि पहिल्या अल्बमचे गायन त्याने दिवसातल्या मोजक्या मोकळ्या तासांत पुरे केले. तो 'काँट्राबँड' जून २००४ मध्ये पहिल्या क्रमांकावर आला. व्यावसायिकदृष्ट्या ही नामी कामगिरी होती. पण व्यसनातून उठू पाहणाऱ्या माणसाला त्या तासांत स्टुडिओत नेऊन उभे करावे का, हा प्रश्न त्या यशात कोणी विचारला असेल असे वाटत नाही.

माझे म्हणणे असे की त्याच्या व्यसनाचा इतिहास हा त्याच्या दौऱ्यांच्या वेळापत्रकाचाही इतिहास आहे, आणि तो तसा वाचला पाहिजे. आपली मते वाचायला आवडतील.

उंबरठा

मध्यसप्तक, लेखाची मांडणी चांगली आहे, पण निष्कर्ष मला एकतर्फी वाटला. १९९६ चा दौरा कोणी रद्द केला, ते आठवा. नवा अल्बम नुकताच बाजारात आलेला असताना उरलेल्या तिघांनी जाहीर निवेदन काढून गायकाच्या व्यसनामुळे आपण कार्यक्रम करू शकत नसल्याचे सांगितले आणि स्वतःच्या पोटावर पाय आणला. वर्षअखेरीस थोडे कार्यक्रम झाले, तर तेही पुढे रद्द करावे लागले. त्यानंतर त्या तिघांनी दुसरा गायक घेऊन 'टॉक शो' नावाने १९९७ मध्ये एक अल्बम काढला. तो चालला नाही. गॅरेजवाल्याची उपमा देताना गाडीत बसलेल्या या तिघांचाही विचार करावा लागतो.

शिवाय व्हेल्व्हेट रिव्हॉल्व्हरबद्दल. अतिमद्यपानामुळे मॅकॅगनचे स्वादुपिंड १९९४ मध्ये फुटले होते आणि वयाच्या तिसाव्या वर्षी तो मरता मरता वाचला. त्याने दारू सोडली, मार्शल आर्ट्सचा ध्यास घेतला आणि पुढे सिअॅटलच्या विद्यापीठात अर्थकारण शिकायला गेला. हाच मॅकॅगन वायलंडला वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरात आपल्या गुरूकडे घेऊन गेला आणि काही काळ तिथे त्याची ताकद परत आली. व्यसनातून गेलेली माणसे अवतीभवती असलेला बँड रॉकच्या दुनियेत त्याहून बरा कुठे मिळाला असता? तरीही मार्च २००८ मध्ये ग्लासगोच्या मंचावरून त्याने परस्पर हा या बँडचा शेवटचा दौरा असल्याचे जाहीर केले आणि १ एप्रिलला त्याला काढून टाकण्यात आले. प्रत्येक वेळी दोष बाजूच्या लोकांवर ढकलून चालणार नाही.

कैरी

मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा रुक्ष वाटला तर क्षमस्व.

वायलंडच्या बातम्यांत 'हेरॉइन' हा शब्द इतका ठसला आहे की त्याचा मृत्यू हेरॉइनने झाला असे आजही अनेकांना वाटते. तो जिथे गेला त्या मिनेसोटातल्या हेनपिन काउंटीच्या वैद्यकीय परीक्षकांच्या निष्कर्षात हेरॉइन नव्हते. कोकेन, मद्य आणि एमडीए (एक्स्टसीच्या कुळातले उत्तेजक) यांच्या एकत्रित विषबाधेने झालेला अपघाती मृत्यू असे त्यात म्हटले आहे, आणि जोडीला हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, दमा व अनेक पदार्थांचे दीर्घकालीन अवलंबित्व यांची नोंद आहे. आपण हेरॉइन सोडले असल्याचे तो स्वतःही पुढच्या काळात सांगत असे.

यात विसंगती काही नाही. हेरॉइनसाठी मेथाडोन कित्येक दशके उपलब्ध आहे आणि ब्युप्रेनॉर्फिनला अमेरिकेत २००२ मध्ये या कामासाठी मान्यता मिळाली; मेंदूतल्या ज्या ग्राहीबिंदूंवर हेरॉइन बसते तिथेच ही औषधे बसतात आणि ओढ बोथट करतात. कोकेनसाठी असे मान्यताप्राप्त औषध आजही नाही. म्हणून एक पदार्थ खरोखर सुटतो आणि रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरा येऊन बसतो. बाहेरच्यांना मात्र सुधारणा झालेली दिसते. मद्य आणि कोकेन एकत्र घेतले की यकृतात कोकाएथिलीन नावाचा तिसराच पदार्थ तयार होतो, जो शरीरात जास्त वेळ टिकतो आणि हृदयाला कोकेनपेक्षा अधिक घातक असतो. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या असलेल्या ४८ वर्षांच्या माणसाला त्यासाठी फार मोठे प्रमाण लागत नाही.

'दोन दौऱ्यांमधली सुटी' या मुद्द्याला मात्र माझ्या विषयातून दुजोरा आहे. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सवय मोडते आणि पूर्वी पचणारी मात्रा जीवघेणी ठरू शकते. उपचारकेंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे असतात. नेमक्या त्या आठवड्यांत माणसाला हॉटेल, बस आणि रात्रीचे जागरण यांत ढकलणे चुकीचेच आहे.

मध्यसप्तक

कैरी, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा उपयोगी झाला आहे. मृत्यूच्या कारणांचा परिच्छेद मी टाळला होता, तो तुम्ही नेमका लिहिलात.

उंबरठा, १९९६ बाबत तुमचे म्हणणे मान्य आहे. त्या तिघांनी तेव्हा खरोखर किंमत मोजली. पण रद्द झालेल्या कार्यक्रमांचे नुकसान भरून काढायला पुढचा दौरा लागतो आणि त्या दौऱ्याला तोच गायक लागतो, हेही त्यातच येते. 'टॉक शो' चालला नाही याचा अर्थ श्रोत्यांना वायलंडच हवा होता, आणि बरे झालेल्या वायलंडची वाट पाहण्याइतका धीर आमच्यात, म्हणजे श्रोत्यांतही, नव्हता. मी मॅकॅगनची तुलना वेगळ्या कारणासाठी करीन. तो सुधारला तेव्हा त्याच्यामागे तगादा लावणारा बँडच उरला नव्हता. गन्स एन रोझेस विस्कळीत झालेले होते आणि त्याला काही वर्षे शांतपणे सायकल चालवायला मिळाली. वायलंडच्या वाट्याला अशी निवांत वर्षे कधी आलीच नाहीत.

तांबडी माती

आतापर्यंतच्या चर्चेत गाणे मागे पडले आहे, म्हणून लिहितो. जानेवारी १९९४ मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी स्टोन टेम्पल पायलट्सला सर्वोत्कृष्ट नवा बँड ठरवले आणि त्याच अंकात समीक्षकांनी सर्वांत वाईट नवा बँड. हे सिअॅटलच्या ग्रंजची (तिथल्या बँडनी रूढ केलेल्या जड, खरखरीत रॉकची) नक्कल करणारे कॅलिफोर्नियावाले आहेत आणि गायक तिथल्याच पर्ल जॅम बँडच्या एडी व्हेडरची री ओढतो, असा आक्षेप होता. 'प्लश'च्या जाड, खालच्या स्वरातल्या गायकीपुरता तो अगदीच निराधार नव्हता. पण नोव्हेंबर १९९३ मध्ये एमटीव्हीच्या अनप्लग्ड कार्यक्रमात झुलत्या खुर्चीत बसून तो गायला, ते चित्रण पाहावे. विजेची गिटार नाही, आडोसा नाही. आवाज छातीतून निघून हळूहळू नाकाकडे सरकतो आणि ओळ संपताना तो ती सोडून न देता किंचित वाकवतो. असे वाकवणे व्हेडरकडे नाही.

'इंटरस्टेट लव्ह साँग' रॉबर्ट डीलिओने मुळात बोसा नोव्हाच्या अंगाने रचले होते. ब्राझीलची ती लय मनात धरून त्याचा बास पुन्हा ऐका, म्हणजे हे लोक सिअॅटलहून किती दूर उभे होते ते कळते. तिसऱ्या अल्बममध्ये तर बीटल्स, बोवी आणि ग्लॅम रॉक यांचा मनमुराद खेळ आहे, आणि वायलंडने तिथे पातळ, उंच, जवळजवळ नखरेल आवाज लावला आहे. एकाच गळ्यात इतके गायक असणे दुर्मीळ आहे. दुःख एवढेच की हा अल्बम त्याच्या व्यसनाच्या ऐन भरातला आहे. 'नशेमुळे प्रतिभा खुलते' असा अर्थ यातून कोणी काढू नये. व्यसनाचा तसाच भर पुढे आला तेव्हा असा अल्बम आला नाही.

नदीकाठ

मी गेली अठरा वर्षे मिनेसोटात राहतो. ब्लूमिंग्टन म्हणजे आमच्यासाठी विमानतळ आणि मॉल ऑफ अमेरिका. डिसेंबरात पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथेच घेऊन जातो. त्या गावातल्या एका हॉटेलबाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये तो गेला. ज्याचे अल्बम लाखांनी खपले तो माणूस तेव्हा 'वाइल्डअबाउट्स' या आपल्या नव्या बँडसह छोट्या सभागृहांतून गात होता. त्या बँडचा गिटारवादक जेरेमी ब्राउन मार्च २०१५ मध्ये, अल्बम प्रकाशित होण्याच्या आदल्या दिवशी वारला, आणि तरीही दौरा पुढे चालूच राहिला. मध्यसप्तक यांच्या मुद्द्याला मला वाटते हा सर्वांत ठळक पुरावा आहे, जो त्यांनी दिलेला नाही.

निधनानंतर चार दिवसांनी त्याची पूर्वपत्नी मेरी फॉर्सबर्ग हिने मुलांच्या साथीने लिहिलेले पत्र 'रोलिंग स्टोन'ने छापले. या मृत्यूचे उदात्तीकरण करू नका, असे तिचे सांगणे होते. आपल्या मुलांनी आपला बाप त्या डिसेंबरात नव्हे, त्याच्या कित्येक वर्षे आधीच गमावला होता, असे तिने म्हटले होते. त्याच्या जन्ममृत्यूची वर्षे छापलेला टीशर्ट विकत घेण्याऐवजी त्या पैशात एखाद्या मुलाला बेसबॉलचा सामना दाखवा किंवा आइस्क्रीम खायला न्या, असे तिने चाहत्यांना सुचवले होते. ते पत्र वाचल्यावर मी माझ्या कपाटातला बँडचा जुना टीशर्ट बराच वेळ हातात धरून बसलो होतो. टाकला नाही, हेही कबूल करतो.

गच्ची

मी नऊ वर्षे एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून काम केले आहे. अनिल अवचटांच्या गर्दवरच्या लेखांमुळे आणि त्यातून १९८६ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या मुक्तांगणमुळे मराठी वाचकाला हे जग अगदीच अनोळखी नाही, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते.

मेरीचे पत्र मला योग्य वाटते, पण ते पूर्ण चित्र नाही आणि तसा तिचा दावाही नाही. व्यसनी माणसाच्या बायकोचा राग केंद्रात रोज दिसतो. भेटीच्या दिवशी ती डबा घेऊन येते, मुलाच्या शाळेची फी भरल्याची पावती टेबलावर ठेवते आणि एक शब्द बोलत नाही. तो राग खरा असतो आणि समोर मान खाली घालून बसलेला नवराही खराच असतो. वायलंडने २०११ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे की बारा वर्षांचा असताना त्याच्यावर एका मोठ्या मुलाने बलात्कार केला आणि ती आठवण त्याने इतकी दडपली की ती अनेक वर्षांनंतर, उपचारांदरम्यान वर आली. त्याला द्विध्रुवीय विकार असल्याचे निदानही झाले होते. पत्नीच्या पत्रात मुलांचा बाप दिसतो, आत्मचरित्रात बारा वर्षांचा मुलगा दिसतो. आमच्या कामात दोघांनाही एकाच खोलीत बसवावे लागते.

उंबरठा म्हणतात की दोष बाजूच्यांवर ढकलू नये. आम्हीही रुग्णाला पहिल्या दिवशी हेच सांगतो. पण त्याच दिवशी नातेवाइकांना आम्ही वेगळे बसवून सांगतो की त्याचे कर्ज फेडू नका, त्याच्या साहेबाला खोटे कारण कळवू नका, आणि घरी आल्यावर त्याला लगेच जुन्या नाक्यावर कामाला पाठवू नका. वायलंडचा जुना नाका म्हणजे मंच होता, आणि तोच त्याचा रोजगारही होता. गवंडीकाम करणाऱ्याला आम्ही दुसरी साइट शोधून देऊ शकतो. या माणसाला कोणती साइट द्यायची, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

उंबरठा

गच्ची, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी माझा आधीचा प्रतिसाद पुन्हा वाचला. त्यातली वस्तुस्थिती तशीच आहे, पण सूर थोडा चढा होता.

एका गोष्टीची भर घालतो. एप्रिल २०१५ मध्ये टेक्सासमधल्या एका कार्यक्रमाचे चित्रण जगभर पसरले होते. 'व्हॅसलीन' गाताना त्याचा सूर सुटलेला आहे, शब्द मागे पडतात आणि बँड त्याच्यासाठी थांबत थांबत पुढे जातो. त्याखाली हजारो लोकांनी थट्टा केली होती. तेव्हा मीही ते चित्रण मित्रांना पाठवले होते, आणि त्याच्याबरोबर काय लिहिले होते ते इथे लिहिण्यासारखे नाही. आठ महिन्यांनी बातमी आली.

आणि चेस्टर बेनिंग्टन. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टोन टेम्पल पायलट्सनेही वायलंडला काढले, दोन्ही बाजूंनी न्यायालयात दावे झाले, आणि त्याच्या जागी लिंकिन पार्क या बँडचा गायक चेस्टर आला. तो स्वतः व्यसनाशी झगडलेला होता. २०१५ च्या नोव्हेंबरात, वायलंडच्या मृत्यूच्या महिनाभर आधी, तो बँडमधून बाहेर पडला आणि जुलै २०१७ मध्ये त्याने आयुष्य संपवले. गायकाच्या त्या जागेबद्दल मला अंधश्रद्धा नाही, पण जेफ गटला तिथे गाताना पाहिले की काळजी वाटते.

तांबडी माती

गट बरा गातो. २०१७ पासून तोच आहे.

मध्यसप्तक

सर्वांचे आभार. नदीकाठ, जेरेमी ब्राउनचा उल्लेख माझ्याकडून राहिला, ही मोठीच चूक झाली. मूळ लेखात दुरुस्ती न करता तुमचा प्रतिसादच तिथे वाचला जावा असे वाटते.

दोन जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे की हा गायक अजिबात न ऐकलेल्याने कुठून सुरुवात करावी. तांबडी माती यांनी सांगितलेल्या झुलत्या खुर्चीतल्या 'प्लश'पासून करावी, मग 'पर्पल' सलग ऐकावा, आणि टेक्सासचे ते चित्रण शोधू नये. आमच्या वहीतली ती चुकीची ओळ मी या निमित्ताने चुलतभावाला फोन करून विचारली. त्याला ती अजून पाठ आहे, आणि तो अजूनही म्हणतो की त्याचीच बरोबर होती.